हलक्या जेवणाचं ओझं

चिकनच्या पॅट्या आणि ताजं सॅलड हे हलकं जेवण आहे, असं ज्या कुणी पहिल्यांदा म्हटलं असेल त्यानं ते फक्त खाल्लेलं असणार. केलेलं नसणार. मी केलेलं आहे. त्या संध्याकाळी आमची अख्खी इमारत रस्त्यावर आली होती, आणि तरीही जेवण हलकंच झालं, हे मी आधीच सांगून ठेवतो. नाहीतर लोक उगाच काहीतरी भलतंच समजतात.

त्याचं झालं असं. माझी बायको एका मोठ्या दवाखान्याच्या रक्ततपासणी प्रयोगशाळेत काम करते, आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा त्या प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून जाणार होती. सकाळी दारात चपला घालता घालता ती म्हणाली, "संध्याकाळी काहीतरी हलकं लागेल हं मला. आणि बाहेरून मागवू नका, अजिबात."

"मागवायचं कशाला? मी करतो की," मी म्हणालो.

बायकोनं दुसरी चप्पल हातातच धरली. आमची लेक, जी कॉलेजात शिकते आणि आईवडिलांना घरबसल्या शिकवते, तिनं वर पाहिलं.

"बाबा, तू करणार आहेस की फक्त ठरवणार आहेस?"

"चिकनच्या पॅट्या आणि ताजं सॅलड," मी शक्य तितक्या थंडपणे म्हणालो. हे शब्द मला त्या क्षणी कुठून सुचले ते मला आजतागायत कळलेलं नाही.

"तुम्हाला जमणार नाही असं नाही म्हणत मी," बायको म्हणाली. ज्यांचं लग्न झालेलं आहे त्यांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. ती गेली, आणि मी पेटलो.

मी पाणीपुरवठा खात्यात तक्रार विभागात आहे. लोक लिहितात की पाणी येत नाही. मी लिहितो की आपली तक्रार योग्य त्या विभागाकडे पाठवण्यात आली आहे. योग्य तो विभाग कोणता, हे मलाही नीट माहीत नाही. सांगायचा मुद्दा, काम जबाबदारीचं आहे आणि लवकर सुटता येत नाही. दुपारी साहेबांकडे गेलो आणि लवकर जायची परवानगी मागितली. साहेबांनी कारण विचारलं. मला खोटं बोलता येत नाही. मी मान खाली घालून म्हणालो, "घरी पॅट्या आहेत."

साहेबांचा चेहरा एकदम मऊ झाला. "अरेरे. कुणाला?"

"बायकोला. आज संध्याकाळी."

"जा, जा. काळजी घ्या. आमच्या मेहुण्यालाही असंच काहीतरी झालं होतं," असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो राहू दिला.

चिकनच्या दुकानात पोचलो तर दुकानदार नळी हातात घेऊन फरशी धूत होता. खिमा म्हणताच त्यानं मान हलवली. "खिमा सकाळी. मशीन धुऊन ठेवलं."

"परत धुता येईल की."

"तुमचं ऑफिस बंद झाल्यावर कुणी आलं तर तुम्ही परत उघडता का?"

एखाद्या सरकारी माणसाला असा प्रश्न विचारू नये. मी बिनहाडाचे तुकडे घेतले. घरी मिक्सर आहे, असा मी विचार केला. तो होताही. त्यात तुकडे भरले, झाकण दाबलं, बटण फिरवलं. मिक्सरनं एक दीर्घ हुंकार दिला, मग किंचाळला, मग त्याच्यातून जळक्या रबराचा वास आला आणि तो गेला. आत चिकन जसंच्या तसं होतं. जरा घाबरलेलं दिसत होतं एवढंच.

समोरच्या काकू दार उघडंच ठेवून बसतात. त्यांना हवा लागते असं त्या म्हणतात. हवेबरोबर त्यांना बाकीचंही बरंच काही लागतं. मिक्सर किंचाळल्यावर त्या आल्याच.

"काय मारतोयस रे?"

मी सगळं सांगितलं. काकूंनी घरून एक लोखंडी, हातानं फिरवायचं खिमायंत्र आणलं. ते इतकं जड होतं की दोघांनी मिळून आत आणावं लागलं. "मी कुणाला देत नाही हे," त्या म्हणाल्या. "मी स्वतः उभी राहीन." त्या यंत्राला खाली एक शिकंजा असतो, तो टेबलाच्या कडेला आवळायचा. आमच्या जेवणाच्या टेबलावर काच आहे. ओटा जाड. खिडकीची चौकट अरुंद. घरभर फिरून झाल्यावर काकूंना एकच कड पसंत पडली, आणि ती लेकीच्या अभ्यासाच्या टेबलाची होती.

"बाबा, माझं लेक्चर चालू आहे!"

"तुझं तू चालू दे ग," काकू म्हणाल्या आणि त्यांनी शिकंजा आवळला. मी दांडा फिरवायला लागलो. ते यंत्र असं करकरत होतं की जणू कुणी गंजलेलं फाटक दातांनी उघडतंय. संगणकाच्या पडद्यावरचे प्राध्यापक मध्येच थांबले आणि म्हणाले, "तुमच्या मागे कुणीतरी काहीतरी दळतंय." लेकीनं कॅमेरा बंद करायला हात घातला, पण गडबडीत तो उलट माझ्याकडेच वळला. सगळ्या वर्गानं मला पाहिलं. मी बायकोचा झालरीचा ॲप्रन घातलेला होता. मी नमस्कार केला. दुसरं काय करणार होतो?

एवढ्यात दारावर टकटक झाली. वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ आहेत. आयुष्यभर हिशेब तपासनीस होते, त्यामुळे सगळी इमारत त्यांना ऑडिटर म्हणते. निवृत्त झाल्यापासून तपासायला काही नसल्यानं ते इमारतीतले आवाज तपासतात. "आधी मिक्सर, मग हे," ते म्हणाले. "काही अनियमितता आहे का?"

काकूंनी त्यांना पॅट्यांचं सांगितलं. ऑडिटरांनी चष्मा पुसला, खुर्ची ओढली आणि ते बसले. बसले म्हणजे बसले.

"अंडं आधी घालणार की नंतर?"

"आधी," मी म्हणालो.

"कशाच्या आधारे?"

काकू म्हणाल्या, अंडं नकोच, भिजवलेला पाव घाल, मऊ होतं. ऑडिटर म्हणाले, पावानं जेवण जड होतं, हलकं म्हणून जाहीर केलंय ना तुम्ही? मग अंडंच. काकू म्हणाल्या, तुम्ही आयुष्यात कधी गॅस पेटवलाय का? ऑडिटर म्हणाले, तो मुद्दा नाही. दोघांचाही मान राखावा म्हणून मी अंडंही घातलं आणि पावही घातला. मिश्रण पातळ झालं. इतकं पातळ, की ते पॅट्यांपेक्षा सारवायला जास्त योग्य होतं. मग घट्ट करायला पावाचा चुरा घातला. मग ते इतकं घट्ट झालं की चमचा त्यात उभा राहिला आणि एकटाच राहिला, मला तो काढता येईना. मग लिंबू पिळलं. मग पुदिना. मग पुन्हा अंडं. आम्हा तिघांना पुरेल एवढं चिकन मी आणलं होतं. आता त्यात एखादी पंगत उठली असती. काकूंनी हातावर तेल घेऊन भराभर गोळे वळले. माझे गोळे वेगवेगळ्या आकाराचे झाले, तर ऑडिटर म्हणाले, "यात एकवाक्यता नाही." ताट फ्रिजमध्ये गेलं. थंड झाल्याशिवाय तळलं तर फुटतात, यावर मात्र दोघांचं एकमत झालं आणि मला क्षणभर भीती वाटली.

आता सॅलड. सॅलडची पानं धुणं सोपं. ती कोरडी करणं हा खरा पेच असतो. ओल्या पानांवर लिंबाचं पाणी टिकत नाही. ऑडिटर म्हणाले, उशीच्या अभ्र्यात पानं भरा, तोंड घट्ट धरा आणि बाल्कनीत जाऊन गरागरा फिरवा. हे त्यांना कुठून कळलं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी लेकीचा अभ्रा घेतला, बाल्कनीत गेलो आणि फिरवला.

खाली आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते. त्यांनी त्याच आठवड्यात प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमध्ये धुराची सूचना देणारा भोंगा बसवून घेतला होता, आणि आता ते काही रहिवाशांना त्याची माहिती देत होते. "धुराचा एक कण आला तरी..." इतकं ते बोलले आणि वरून त्यांच्यावर बारीक, सुगंधी पाऊस पडला.

"कोण पाणी टाकतंय वरून?"

मी अभ्रा मागे लपवला. "पाणी नाही साहेब. सॅलड आहे."

त्यांनी वर बराच वेळ पाहिलं. ॲप्रनच्या झालरीवर त्यांची नजर जास्त रेंगाळली असं मला वाटलं. "उद्या बोलू," ते म्हणाले. सेक्रेटरी उद्या बोलू म्हणतात तेव्हा उद्या सूचना फलकावर काहीतरी लागतं.

बायकोची यायची वेळ झाली होती. मी पॅन गॅसवर ठेवला. "कडकडीत तापू दे," काकू म्हणाल्या. "मंद आच," ऑडिटर म्हणाले. काकूंनी आच वाढवली. ऑडिटरांनी कमी केली. काकूंनी पुन्हा वाढवली आणि पुढे उभ्या राहिल्या. वाऱ्यानं ज्योत हलतेय असं ऑडिटरांना वाटलं म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली. मी पहिली पॅटी सोडली. ती क्षणभर शहाण्यासारखी पडून राहिली, मग तडकली आणि तिचा काळा धूर झाला. दुसरी उलटायला गेलो तर अर्धी उलटली, अर्धी पॅनलाच धरून बसली. स्वयंपाकघरात काही दिसेना. काकू खोकत होत्या, ऑडिटर खोकता खोकता "मी म्हणालो होतो" म्हणत होते. मी गॅस बंद केला. आणि लेकीनं, आयुष्यात पहिल्यांदाच आम्हाला मदत म्हणून, धूर बाहेर जावा यासाठी घराचं दार सताड उघडलं.

भोंगा वाजला.

तो आवाज मी शब्दांत सांगू शकत नाही. त्यापाठोपाठ खालून सेक्रेटरींचा आवाज आला, आणि खोटं कशाला बोलू, त्यात आनंद होता. "सर्वांनी शांतपणे खाली यावं! जिन्यानं! हा सराव नाही!" भोंगा बसवल्यापासून जिची वाट पाहिली ती गोष्ट घडावी तसा माणूस फुलला होता.

सगळी इमारत खाली उतरली. कुणाच्या डोक्याला टॉवेल, कुणाच्या तोंडात टूथब्रश, कुणी फक्त टीव्हीचा रिमोट वाचवून आणलेला. मी ॲप्रनमध्ये, हातात उलथणं. सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं.

"धुराचं कारण?"

"पॅट्या," मी म्हणालो.

"ज्वलनशील आहेत?"

याचं उत्तर देणार तोच खिशातला फोन वाजला. बायको होती.

"अहो, मी लिफ्टमध्ये अडकलेय. मध्येच थांबली. बाहेर कसला भोंगा वाजतोय? कुठे आग लागलीय का?"

"नाही ग, आग नाही."

"मग काय आहे?"

"जेवण तयार होतंय," मी म्हणालो.

मी सेक्रेटरींकडे वळलो. भोंगा वाजला की लिफ्टनं आपोआप तळमजल्यावर यायला हवं होतं, ते म्हणाले, तशी सोय केलेली आहे. मग ती मध्येच का थांबली? तर भोंगा बसवणाऱ्या कंपनीचं म्हणणं की तो लिफ्टचा प्रश्न आहे, आणि लिफ्टच्या कंपनीचं म्हणणं काय आहे ते कळायला आधी त्यांनी फोन उचलायला हवा होता. बऱ्याच वेळानं एक गोड आवाज आला: आपली तक्रार योग्य त्या विभागाकडे पाठवण्यात आली आहे. त्या वाक्याचा नेमका अर्थ त्या गर्दीत फक्त मला माहीत होता.

मी जिन्यानं वर धावलो. आमच्या मजल्यावर लिफ्टचं दार हातानं ओढलं तर तळाशी ते जेमतेम तीन बोटं सरकलं आणि अडकलं. लिफ्ट जवळजवळ माणसाच्या उंचीइतकी खाली थांबली होती. मी फरशीवर पालथा पडलो आणि फटीतून आत पाहिलं. बायको टाचा उंचावून वर बघत होती. तिचं कपाळ आणि डोळे मला दिसत होते.

"बरी आहेस ना?"

"आहे. दिवा आहे, पंखा आहे. तुमच्या नाकाला काय लागलंय?"

"पावाचा चुरा. मेकॅनिकला निरोप गेलाय ग. येईल."

"भूक लागलीय हो," ती म्हणाली. जरा वेगळ्याच आवाजात.

"डबा नाही खाल्लास?"

आतून पर्सची चेन उघडल्या-लावल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "जेवणाच्या सुट्टीत नेहमीच्या टेबलावर गेले. मी बसले आणि सगळ्याजणी उठल्या. वाईट नाही वागल्या हो. 'मॅडम, तुम्ही बसा, आमचं झालंच' म्हणाल्या. मॅडम! परवापर्यंत माझ्या डब्यातलं न विचारता खायच्या. मग मी एकटी बसले आणि मला काही जाईचना. डबा तसाच आणलाय."

तक्रारींना उत्तरं देण्यात माझा हात कुणी धरणार नाही, पण ही तक्रार कोणत्या विभागाकडे पाठवायची? मी म्हणालो, "थांब, आलो," आणि उठलो.

घरात कुणीही नव्हतं. काकू खाली, ऑडिटर खाली, भोंगा ओरडून ओरडून बंद पडलेला. मी खिडकी उघडली, पॅन घासून पुसला, बेताच्या आचेवर ठेवला आणि पॅट्या सोडल्या. कुणी काही म्हणालं नाही. त्या शांतपणे शिजल्या. एका बाजूनं सोनेरी झाल्या, मी उलटल्या. दुसऱ्या बाजूनंही झाल्या. मी अवाक होऊन बघत राहिलो. मग लक्षात आलं की त्या फटीतून जायला जाड आहेत. उलथण्यानं हलक्या हातानं दाबून चपट्या केल्या. सॅलडचा वाडगाही जाणार नव्हता. म्हणून प्रत्येक पॅटी एका पानात ठेवली, वर काकडी, टोमॅटो, लिंबू, आणि गुंडाळी केली.

पहिली गुंडाळी मी फटीतून खाली सोडली. तिनं घेतली. बराच वेळ फक्त चावण्याचा कुरकुरीत आवाज येत होता.

"कशी आहे?" मी विचारलं. परीक्षेच्या निकालालाही मी कधी इतका कासावीस झालो नव्हतो.

"अजून एक टाका," ती म्हणाली.

एवढ्यात लेक, काकू आणि ऑडिटर वर आले. काकू तिथंच पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मला पण दे रे एक. माझ्या यंत्राची आहे." ऑडिटरांनी नमुना म्हणून एक घेतली, मग खात्री करण्यासाठी दुसरी. मग वरच्या मजल्यावरची मंडळी जिना चढताना थबकली, आणि मिश्रण नको तितकं वाढलं होतं ते सगळ्यांच्याच पथ्यावर पडलं. सेक्रेटरी आले ते बोट वर करूनच. "हा आपत्कालीन मार्ग आहे. इथे बसता येत नाही. खाता तर मुळीच येत नाही."

"सेक्रेटरीसाहेब," फटीतून आवाज आला, "दिवसभर धावपळ झाली असेल तुमची. बसा. एक घ्या."

फरशीतून आलेल्या विनंतीला काय उत्तर द्यावं, हे नियमांत नसावं. ते बसले. एक घेतली. "मीठ बेताचं आहे," ते म्हणाले, आणि माणसांत आले.

बायको आतून बोलत होती, काकू वरून. प्रयोगशाळेत कोण कोण आहे, कोण कशी आहे, सगळं निघालं. लेक फटीपाशी पालथी पडून आईच्या केसात अडकलेलं काकडीचं साल काढायचा प्रयत्न करत होती आणि दोघी हसत होत्या. मेकॅनिक पिशवी घेऊन आला तेव्हा त्याला कळेना की इथे कुणाची सुटका करायची आहे.

"मॅडम, आत्ता काढतो," तो वाकून म्हणाला.

"घाई नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही जेवलात का?"

तो जेवला, मग त्यानं वरच्या बाजूला काहीतरी फिरवलं, लिफ्ट हळूहळू वर सरकली आणि दार उघडलं. बायको बाहेर आली. केस विस्कटलेले, हाताला लिंबाचा वास, काखेत न उघडलेला डबा. सेक्रेटरी औपचारिकपणे उठायला गेले, तर काकूंनी त्यांना शर्टाला धरून खाली बसवलं. बाकीचे जरा जरा सरकले. पायरीवर मध्ये एक जागा झाली. उठलं मात्र कुणी नाही.

तिनं ते पाहिलं. मग चपला काढल्या, त्या जागेत बसली आणि शेवटची पॅटी ऑडिटरांच्या हातातून काढून घेतली.

"अहो," खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "उद्या मी त्यांच्याच टेबलावर जाऊन बसणार आहे. उठल्या तर हात धरून बसवेन. उद्याच्या डब्याला ह्या करून द्याल?"

"तुझ्यापुरत्या?"

"सगळ्या प्रयोगशाळेपुरत्या."

मी हो म्हणालो. त्या वेळी तिनं ज्या नजरेनं पाहिलं, त्यासाठी मी सगळ्या दवाखान्यापुरत्याही केल्या असत्या.

"मग अंड्याचं प्रमाण आत्ताच ठरवू," ऑडिटर उठत म्हणाले.

"पाव भिजत घालावा लागेल," काकूही उठल्या.

मी रिकामं ताट उचललं, घरात शिरलो, आणि ते दोघं उंबऱ्यापर्यंत पोचायच्या आत दाराला आतून कडी घातली.